लुआ ५.५ वर जाताय? वेग हवा असेल तर हा क्रम मोडू नका

नवी आवृत्ती टाकली, पुन्हा बिल्ड केलं, आणि प्रोग्राम होता तेवढ्याच वेगाने चालतोय. उलट आता मधूनच अडखळायला लागलाय. आपल्या प्रोग्राममध्ये लुआ ही छोटी स्क्रिप्ट-भाषा बसवणाऱ्यांची ही तक्रार ५.४ आली तेव्हा होती, ५.५ नंतरही आहे. खोलात गेलं की बहुतेक वेळा आवृत्ती निर्दोष निघते. आधीची मोजणी कुणी केलेली नसते, गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको झालेली मेमरी मोकळी करणारा भाग, कोणत्या मोडमध्ये चाललाय ते कुणी पाहिलेलं नसतं, आणि चार बदल एका दमात केल्यामुळे कशाने काय झालं हे सांगता येत नाही.

हा लेख ५.३ किंवा ५.४ वरून निघालेल्यांसाठी आहे, आणि होस्ट प्रोग्राम, म्हणजे ज्यात लुआ बसवलंय तो, सी किंवा सी++ मध्ये आहे असं धरलंय. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग वापरा. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. सध्या लुआजिट (लुआचं वेगळं, वेगवान रूप) वापरत असाल आणि वेगासाठी ५.५ कडे बघत असाल तर थांबा. लुआजिट ५.१ ची भाषा बोलतं, पण चालता चालता मशीन कोड बनवतं. मूळ लुआ तसं करत नाही. आकडेमोडीच्या लूपमध्ये तुम्ही वेग मिळवण्याऐवजी गमावून बसाल.

## १. नेमकं काय मंद आहे ते आधी ठरवा

‘मंद आहे’ या दोन शब्दांत तीन वेगळे आजार दडलेले असतात.

पहिला, एकूण काम उरकायला लागणारा वेळ. दुसरा, मधूनच येणारा झटका: सरासरी छान, पण शंभरातली एखादी फ्रेम किंवा एखादी विनंती अडकते. तिसरा, मेमरी. या तिघांची औषधं वेगळी आहेत, आणि काही तर एकमेकांविरुद्ध जातात. कलेक्टरला सैल सोडलं की एकूण वेळ घटतो आणि मेमरी फुगते.

कागदावर एकच ओळ लिहा: मला यातलं कोणतं कमी करायचंय, आणि कितीपर्यंत. ती ओळ लिहिता येत नसेल तर पुढचे टप्पे वाचून उपयोग नाही.

तपासा: प्रोफायलर लावून पाहा, वेळ खरंच लुआच्या इंटरप्रिटरमध्ये जातोय का. स्क्रिप्ट जर तुमच्याच सी फंक्शनांना हाका मारत असेल आणि बहुतेक वेळ तिथे खर्च होत असेल, तर लुआची कोणतीही आवृत्ती तो वेळ वाचवणार नाही.

## २. जुन्या आवृत्तीवरच मोजून घ्या

हा टप्पा वगळणारे सर्वाधिक. एकदा नवी आवृत्ती टाकली, स्क्रिप्ट दुरुस्त केल्या, की जुन्याशी सरळ तुलना करायची सोय राहत नाही. म्हणून आत्ता, काहीही न बदलता मोजा.

चाचणीचा माल गोठवा. चाचणीत मॅथ.रँडमने आकडे बनवत असाल तर ते एकदाच बनवून फाइलमध्ये ठेवा आणि दोन्ही आवृत्त्यांना तीच फाइल द्या. ५.४ पासून रँडमचा अल्गोरिदम बदललाय आणि सुरुवातीचं बीज (ज्या आकड्यावरून पुढचे आकडे निघतात तो) आपोआप वेगवेगळं येतं. बीज हाताने ठरवलं तरी ५.३ आणि ५.४ वेगळेच आकडे देतील. मग एक आवृत्ती वेगळ्या यादीचं सॉर्टिंग करत असते, दुसरी वेगळ्या, आणि आपण त्यांच्या वेळांची तुलना करत बसतो.

घड्याळ योग्य निवडा. ओएस.क्लॉक प्रोसेसने वापरलेला सीपीयूचा वेळ सांगतं. एकूण कामासाठी ते ठीक. झटके शोधायचे असतील तर ते चालणार नाही. तिथे होस्टच्या बाजूने, मागे न जाणारं मोनोटोनिक घड्याळ लावा आणि प्रत्येक फेरीचा वेळ वेगळा नोंदवा. सरासरी काढून मोकळे होऊ नका. मध्यक, सर्वात वाईट एक टक्का आणि सर्वात मोठी फेरी, हे तिन्ही लिहा.

हुक काढू नका. स्क्रिप्टने अनंत लूपमध्ये जाऊ नये म्हणून अनेक जण दर हजार सूचनांनंतर हुक, म्हणजे स्क्रिप्ट मधेच थांबवून तपासणारं फंक्शन, चालवतात. चाचणीत तो काढून टाकला की आकडे सुंदर दिसतात, पण प्रत्यक्षात तो असणारच आहे. जे प्रत्यक्षात चालतं तेच मोजा.

मेमरी मोजणारा अॅलोकेटर, म्हणजे लुआला मेमरी देणारं होस्टचं फंक्शन, तपासा. इथे मी स्वतः फसलो आहे. मेमरीचा उच्चांक पाहायला मी अॅलोकेटर फंक्शनमध्ये एक गणक ठेवला होता: नवा आकार मिळवायचा, जुना वजा करायचा. सोपं काम. पण गणक हळूहळू खऱ्यापेक्षा खाली सरकत जायचा, आणि कितीतरी वेळ मी भलतीकडेच चूक शोधत होतो. कारण असं, की लुआ जेव्हा नवीन जागा मागतं आणि पॉइंटर नल असतो, तेव्हा ‘जुना आकार’ या खान्यात आकार येतच नाही. तिथे कोणत्या प्रकारची वस्तू बनतेय त्याचा संकेतांक येतो: स्ट्रिंगसाठी ४, टेबलसाठी ५, फंक्शनसाठी ६. माझा गणक प्रत्येक नव्या टेबलमागे इमानदारीने ५ बाइट वजा करत होता. ५.२ पासून हे असंच आहे आणि मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. पॉइंटर नल असेल तर जुना आकार शून्य धरा.

एका धावेवर विश्वास नको. निदान वीस धावा घ्या, मशीनवर दुसरं काही चालू ठेवू नका, लॅपटॉप असेल तर चार्जरला लावा आणि सीपीयूची वारंवारता स्थिर ठेवता येत असेल तर ठेवा. लुआमध्ये जेआयटी, म्हणजे चालता चालता मशीन कोड बनवणं, नसल्याने ‘तापवायला’ फार धावा लागत नाहीत. पहिली एक-दोन टाकून दिली की पुरे.

तपासा: जुन्याच आवृत्तीची तीच चाचणी दोनदा पूर्ण चालवा. दोन निकालांत जेवढा फरक येतो तेवढा तुमच्या मोजणीतला गोंगाट. पुढे मिळालेली सुधारणा त्याहून लहान असेल तर ती सुधारणा मानू नका.

## ३. बिल्ड स्वच्छ करा

मालिकेतली शेवटची दुरुस्ती-आवृत्ती घ्या. ५.४ वर थांबणार असाल तरी ५.४.० घेऊ नका. त्या मालिकेच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत कलेक्टरशी संबंधित अनेक चुका सापडल्या आणि पुढे दुरुस्त झाल्या. जुन्या ५.४ मध्ये जनरेशनल मोड (कलेक्टरचा एक मोड, सहाव्या टप्प्यात येईल) कोसळतो म्हणून तो मोडच वाईट ठरवलेले लोक मी पाहिले आहेत.

जुन्या बिल्डचे फ्लॅग जसेच्या तसे नव्याला द्या. जुनं ‘-ओ३’ वर आणि नवं ‘-ओ२’ वर असेल तर तुम्ही कंपायलरची तुलना करताय. लुआच्या अंतर्गत तपासण्या, म्हणजे असर्ट आणि एपीआय-तपासणी, मोजणीच्या बिल्डमध्ये बंद असू द्या. त्या चौथ्या टप्प्यात लागतील, म्हणून दुसरं एक वेगळं बिल्ड त्यांच्यासह बनवून ठेवा.

५.४ पासून इंटरप्रिटरचा मुख्य लूप जीसीसी किंवा क्लँग असेल तर जंप टेबलने चालतो, ही सोय आपोआप सुरू असते. कंपायलर दुसरा असेल तर साधा स्विच वापरला जातो. एकाच कोडचे दोन प्लॅटफॉर्मवरचे आकडे वेगळे येण्याचं हे एक कारण.

मग सगळी सी मॉड्यूलं नव्या हेडरसह पुन्हा कंपाइल करा. ‘काही’ नाही, सगळी. पूर्वकंपाइल केलेल्या बाइटकोड फाइलीही पुन्हा बनवा, एका आवृत्तीचा बाइटकोड दुसरी स्वीकारत नाही. सी कोडमध्ये दोन जागा हमखास अडतात. ५.४ मध्ये लुआ_रिझ्यूमला निकालांची संख्या सांगणारा एक जादा पॅरामीटर आला, आणि ५.५ मध्ये लुआ_न्यूस्टेटला बीजासाठी तिसरा पॅरामीटर लागतो. कंपायलर ओरडतो, त्यामुळे या चुका लपून राहत नाहीत.

सावधान: एका प्रोसेसमध्ये लुआच्या दोन प्रती लिंक होऊ देऊ नका. एक तुमच्या प्रोग्राममध्ये आणि दुसरी एखाद्या मॉड्यूलने स्वतःसोबत आणलेली, ही परिस्थिती वाटते त्याहून सर्रास आढळते.

तपासा: स्क्रिप्टमधलं _व्हर्जन फक्त ‘लुआ ५.५’ एवढंच सांगतं, त्यात दुरुस्तीचा आकडा नसतो. तो हेडरमधल्या मॅक्रोतून छापता येतो, पण हेडर नवं आणि लायब्ररी जुनी असंही होऊ शकतं. लिंक झालेली फाइल कोणती, ते लिंकरच्या यादीतच पाहा.

## ४. वेग नंतर, आधी उत्तरं बरोबर येतात का पाहा

सर्व स्क्रिप्ट लुआसीला (लुआचा कंपायलर) ‘-पी’ देऊन तपासा. तो फक्त व्याकरण वाचतो, चालवत नाही. ५.५ मध्ये फॉर लूपचं व्हेरिएबल केवळ वाचण्यापुरतं आहे. लूपच्या आत त्याला नवी किंमत देणारी स्क्रिप्ट लोडच होणार नाही. ‘ग्लोबल’ हा शब्दही आता भाषेचा झाला आहे, त्या नावाचं व्हेरिएबल असेल तर बदला. कधीतरीच चालणाऱ्या स्क्रिप्ट, महिनाअखेरीच्या किंवा चूक झाल्यावरच्या, इथेच सापडतात. म्हणून फोल्डरभर तपासणी करा, हाताला लागतील तेवढ्यांची नको.

यापुढच्या गोष्टी गुपचूप बदलतात:

स्ट्रिंग आणि आकड्याची बेरीज. ‘१०’ ही स्ट्रिंग अधिक १ याचं उत्तर ५.३ मध्ये ११.० येत होतं. ५.४ पासून ११ येतं. शिवाय हे रूपांतर आता भाषेच्या गाभ्यात होत नाही, स्ट्रिंग लायब्ररीच्या मेटामेथडमधून, म्हणजे बेरीज-तुलनेसारख्या क्रियेला जोडलेल्या फंक्शनमधून, होतं. सुरक्षेसाठी स्ट्रिंग लायब्ररी न उघडणाऱ्या होस्टमध्ये अशी बेरीज थेट चूक देते. वेगाच्या दृष्टीनेही हा लांबचा रस्ता आहे. फाइलमधून वाचलेले आकडे स्ट्रिंग म्हणूनच लूपमध्ये फिरत असतील तर टूनंबर एकदा लावा, लूपच्या बाहेर.

दशांश छापणं. ५.५ मध्ये दशांश संख्या पुन्हा वाचली तर तीच मिळावी इतक्या अंकांसह छापली जाते. ०.१ अधिक ०.२ याचं उत्तर आधी ०.३ दिसायचं, आता शेपटीसकट ०.३०००००००००००००००४ दिसतं. किंमत बदललेली नाही, दिसणं बदललंय. पण अपेक्षित आउटपुट फाइलीशी तुलना करणाऱ्या चाचण्या एकदम लाल होतात, आणि त्या लाल ढिगाऱ्यात खरी चूक असेल तर ती दिसत नाही. आधी फॉरमॅट ठरवून छपाई एकसारखी करा, मग तुलना.

‘लहान किंवा समान’ची तुलना. स्वतःच्या ऑब्जेक्टला फक्त ‘लहान’ची मेटामेथड दिली असेल तर ५.३ त्यावरून दुसरी तुलना ओढूनताणून काढायचं. ५.४ ने ते बंद केलं. सुसंगततेच्या मॅक्रोने ते ५.४ मध्ये परत आणता येतं, आणि मूळ मेकफाइलमध्ये तो मॅक्रो चालूही असतो. तुमच्या स्वतःच्या बिल्डमध्ये तो असेलच असं नाही. मेटामेथड लिहून टाका, मॅक्रोवर विसंबू नका.

तपासा: असर्ट चालू असलेल्या बिल्डवर सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्याशिवाय पाचव्या टप्प्याला हात लावू नका.

## ५. काहीही न बदलता पुन्हा मोजा

आता तीच चाचणी, तीच फाइल, तेच फ्लॅग, नवी आवृत्ती. कलेक्टरच्या सेटिंगना हात लावू नका. हा आकडा म्हणजे फुकटात मिळालेला वेग, आणि तो वेगळा लिहून ठेवायचा.

फुकटात काय मिळतं? ५.३ वरून येणाऱ्यांना ५.४ मधल्या इंटरप्रिटरच्या सुधारणा: लहान पूर्णांक किंवा स्थिरांक थेट सूचनेत बसवणाऱ्या नव्या सूचना, स्थिर नावाचं फील्ड वाचण्यासाठी वेगळी सूचना, शून्य किंवा एकच किंमत परत करणाऱ्या फंक्शनांसाठी छोटा मार्ग, आणि पूर्णांकांच्या फॉर लूपच्या फेऱ्या आधीच मोजून ठेवणं.

५.४ वरून ५.५ वर येणाऱ्यांना मुख्य लाभ मेमरीचा, तोही अॅरेंमध्ये. ६४-बिट मशीनवर ५.४ मध्ये टेबलच्या अॅरे भागातला प्रत्येक खाना १६ बाइट घेतो: ८ किमतीचे, १ प्रकाराचा, बाकी नुसती भर. ५.५ मध्ये किमती एकीकडे आणि प्रकार दुसरीकडे ठेवले जातात, म्हणजे खान्यामागे ९ बाइट. १०,४८,५७६ खान्यांचा अॅरे १६ एमबीवरून ९ एमबीवर येतो.

पण हा हिशोब फक्त अॅरे भागाला लागू आहे. तुमची यादी १ पासून सलग भरत असेल तर ती तिथे बसते. मोठ्या विरळ क्रमांकांनी भरली, किंवा शेवटाकडून सुरुवातीकडे भरली, तर ती सगळी किंवा बरीचशी हॅश भागात (इतर की ठेवायच्या जागेत) जाऊन पडते आणि तिथे ही बचत नाही. ‘साठ हजार नोंदींचा अॅरे आहे, तरी मेमरी तेवढीच’ असं म्हणणाऱ्याच्या स्क्रिप्टमध्ये क्रमांकांच्या जागी ग्राहक-क्रमांक वापरलेले निघतात.

पेअर्सने येणारा क्रम आणि हॅशची मांडणी दर धावेला थोडी बदलू शकते, कारण स्ट्रिंगच्या हॅशचं बीज बदलतं. मोजणीपुरतं ५.५ मध्ये लुआ_न्यूस्टेटला ठरावीक बीज द्या, गोंगाट कमी होईल. प्रत्यक्ष वापरात मात्र ठरावीक बीज ठेवू नका. बाहेरून येणारा मजकूर की म्हणून वापरत असाल तर मुद्दाम एकाच खान्यात आदळणाऱ्या की पाठवून कुणीही तुमचा प्रोग्राम लोळवू शकतो.

## ६. कलेक्टर: इथेच सगळं घडतं, इथेच बिघडतं

सर्वात मोठा गैरसमज आधी. ५.४ मध्ये जनरेशनल मोड आला म्हणून तो आपोआप सुरू झाला, असं अनेकांना वाटतं. नाही. होस्टने नवं स्टेट (लुआची चालू प्रत) बनवलं की कलेक्टर इन्क्रिमेंटल, म्हणजे काम तुकड्यातुकड्यांत करणाऱ्या, मोडमध्येच असतो.

मग गोंधळ का होतो? कारण ५.४ चा कमांड लाइनवरचा लुआ सुरू होतानाच स्वतःला जनरेशनल मोडमध्ये टाकतो. लोक स्क्रिप्ट टर्मिनलवर चालवतात, ‘वा, बरीच वेगवान झाली’ म्हणतात, मग तीच स्क्रिप्ट प्रोग्राममध्ये चालवतात आणि फरक सापडत नाही. दोन्ही आकडे खरे असतात, मोड वेगळे असतात. म्हणून टर्मिनलवरची मोजणी होस्टच्या मोजणीची जागा कधीच घेऊ शकत नाही.

मोड कोणता ते विचारायला कलेक्टगार्बेजला ‘इन्क्रिमेंटल’ किंवा ‘जनरेशनल’ सांगा. तो मोड बदलून आधीचा परत देतो. तपासून झालं की पुन्हा जागच्या जागी ठेवायला विसरू नका.

आता निवड. जनरेशनल मोडचं गृहीतक असं, की बहुतेक वस्तू जन्मतःच मरतात. त्यामुळे छोट्या फेऱ्यांत तो फक्त तरुण वस्तू तपासतो, आणि दोन फेऱ्या जगलेली वस्तू जुनी मानून बाजूला ठेवतो. मेमरी साधारण २० टक्के वाढली की छोटी फेरी, हा मूळ हिशोब. विनंती आली, पन्नास छोटी टेबलं आणि स्ट्रिंगा बनल्या, उत्तर गेलं, सगळं फेकलं: अशा कामाला हा मोड चपखल.

न मानवणारं काम असं: वस्तू थोड्या वेळ जगतात, म्हातारी म्हणून नोंद होईपर्यंत टिकतात, आणि लगेच मरतात. ठरावीक नोंदींची, जुनी काढून नवी भरणारी कॅश हे त्याचं ठळक उदाहरण. मेलेल्या म्हाताऱ्या वस्तू मोठी फेरी येईपर्यंत तशाच पडून राहतात आणि मेमरी वर चढत जाते.

आणि त्या मोठ्या फेरीचंच ५.४ मधलं दुखणं: ती एका दमात होते. तेवढा वेळ स्क्रिप्ट थांबते. सरासरी सुधारली पण मधूनच अडखळतं, या तक्रारीचं मूळ इथे आहे. ५.५ मध्ये मोठी फेरीही तुकड्यातुकड्यांत होते. माझं मत विचाराल तर झटके चालणार नाहीत अशा कामात, खेळ किंवा आवाज वगैरे, ५.४ वर मी इन्क्रिमेंटलच ठेवीन. जनरेशनल आजमावायचा तो ५.५ वर.

आता तीन चुका, ज्या मोड बदलल्यावर लगेच होतात.

पॅरामीटर जुन्या पद्धतीने देणं. ५.४ मध्ये मोडच्या नावापाठोपाठ आकडे देता येत. ५.५ मध्ये तसे दिलेले आकडे लागू होत नाहीत. त्यासाठी ‘पॅरम’ हा वेगळा पर्याय आहे, पॅरामीटरचं नाव आणि किंमत द्यायची. काही पॅरामीटरांचे अर्थही बदललेत, म्हणून ५.४ मध्ये घासूनपुसून ठरवलेले आकडे तसेच उचलून आणू नका. मूळ किमतींवर सुरुवात करा.

दर फ्रेमला हाताने स्टेप मारणं. बऱ्याच होस्टमध्ये कलेक्टर थांबवलेला असतो आणि दर फ्रेमच्या शेवटी थोडी स्टेप दिली जाते. इन्क्रिमेंटलमध्ये ही युक्ती उत्तम. जनरेशनलमध्ये मात्र एक स्टेप म्हणजे तरुण वस्तूंची आख्खी फेरी. ‘थोडंसंच काम कर’ हा तुमचा निरोप तिथे पोचत नाही. हाताने स्टेप द्यायची असेल तर इन्क्रिमेंटलमध्येच राहा.

आणि जागोजागी पेरलेलं पूर्ण कलेक्ट. जुन्या काळी कुणीतरी मेमरी वाढतेय म्हणून टाकलेली ती ओळ प्रत्येक फाइलच्या शेवटी सापडते. शोधा आणि काढा. मोठा नकाशा किंवा मोठी फाइल लोड झाल्यावर, जिथे वापरणारा तसाही थांबलेला असतो, तिथे एखादी ठेवली तर हरकत नाही.

तपासा: दोन्ही मोडमध्ये तीच चाचणी, निदान एक मोठी फेरी होऊन जाईल इतका वेळ. दोन सेकंदांच्या चाचणीत जनरेशनल मोड जवळजवळ नेहमीच चांगला दिसतो, कारण मोठी फेरी आलेलीच नसते.

## ७. आता स्क्रिप्ट आणि सी कोडमधले बदल, एका वेळी एक

कॉन्स्ट. फाइलच्या वरच्या बाजूला लोकल म्हणून ठेवलेला आकडा आतल्या फंक्शनांत वापरला की तो अपव्हॅल्यू (फंक्शनच्या बाहेरचं लोकल व्हेरिएबल) होतो आणि प्रत्येक वेळी वाचावा लागतो. ५.४ पासून त्याला कॉन्स्ट लावलं आणि उजवीकडे साधा आकडा, स्ट्रिंग, बूलियन किंवा निल असेल, तर कंपायलर ती किंमत थेट जागेवर बसवतो. टेबलला कॉन्स्ट लावलं तर त्या नावाला नवी किंमत देता येत नाही एवढंच, वेगात फरक नाही. खात्री करायची तर लुआसीला ‘-एल’ देऊन सूचनांची यादी छापा. कॉन्स्ट लावण्याआधी त्या फंक्शनात ‘गेटअपव्हॅल’ दिसेल, नंतर ती ओळ गायब झालेली असेल. दिसतच असेल तर तुमची उजवी बाजू कंपायलरला स्थिर वाटलेली नाही.

लूपमधली फंक्शनं. हा सापळा ५.३ वाल्यांसाठी. ५.२ आणि ५.३ एक फंक्शन पुन्हा बनवताना, बाहेरची व्हेरिएबलं तीच असतील, तर आधीचंच परत देत असत. ५.४ ने ती आठवण ठेवणं सोडून दिलं. आता सॉर्टला दिलेलं तुलनेचं फंक्शन लूपच्या आत लिहिलं तर दर फेरीला खरोखर नवं बनतं. नवी आवृत्ती उलट मंद झाली असं वाटलं तर पहिल्यांदा हे पाहा. फंक्शन लूपच्या बाहेर काढून लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवा.

टेबल.क्रिएट. ५.५ मध्ये आलं. किती नोंदी येणार हे आधी माहीत असेल तर तेवढी जागा एकदाच घ्या. एकेक जोडत गेल्यावर टेबल दुप्पट दुप्पट वाढतं आणि प्रत्येक वेळी आतला माल हलवावा लागतो. दहा-वीस नोंदींच्या टेबलांवर याचा काही उपयोग नाही. लाखांच्या यादीवर आहे.

यूजरडेटा. ५.४ पासून एका यूजरडेटाला (लुआच्या हाती दिलेली सी कोडची वस्तू) एकाहून अधिक जोडकिमती, म्हणजे सोबत ठेवलेल्या लुआच्या किमती, ठेवता येतात, शून्यही. जुनं लुआ_न्यूयूजरडेटा हे नाव मॅक्रो म्हणून चालतं, पण ते गुपचूप एक जोडकिंमत मागतं. तुम्ही ती वापरत नसाल तर नवं, ‘यूव्ही’ शेपटीचं फंक्शन घ्या आणि शून्य सांगा. वस्तूचं शीर्ष लहान होतं आणि कलेक्टरचं कामही थोडं हलकं. हजारो व्हेक्टर किंवा बिंदू बनवणाऱ्या होस्टमध्ये हा एका ओळीचा बदल करून पाहण्याजोगा आहे.

बाहेरच्या स्ट्रिंगा. ५.५ मध्ये होस्टच्या ताब्यातला मोठा मजकूर नक्कल न करता लुआला देता येतो. दोन अटी काटेकोर पाळा: शेवटी शून्य बाइट हवा, आणि लुआने सोडेपर्यंत तो मजकूर बदलायचा नाही, मोकळाही करायचा नाही. ज्या बफरमध्ये पुढचं पॅकेट वाचता तोच बफर दिला तर स्क्रिप्टच्या हातातली स्ट्रिंग तिच्या नकळत बदलेल, आणि ती चूक शोधायला तुम्हाला शुभेच्छा.

सावधान: प्रत्येक बदलानंतर मोजा आणि वेगळी नोंद करा. दोन बदल एकत्र केले आणि एकाने दहा टक्के कमावले, दुसऱ्याने आठ गमावले, तर हातात दोनच दिसतील, आणि तुम्ही दोन्ही ठेवाल.

## ८. खऱ्या भारावर

चाचणीची स्क्रिप्ट कितीही मन लावून लिहिली तरी ती खऱ्या वापराइतकी गचाळ नसते. म्हणून काही दिवस जुनी आणि नवी दोन्ही बिल्ड हाताशी ठेवा. बाइटकोड फाइली आवृत्तीप्रमाणे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर परत जायची वेळ आली की जुना प्रोग्राम नव्या फाइली उघडायला जाईल आणि तिथेच अडकेल.

लॉगमध्ये दर मिनिटाला तीन गोष्टी छापा: कलेक्टगार्बेजचा ‘काउंट’, जो किलोबाइटमध्ये येतो, अॅलोकेटरमधला उच्चांक, आणि त्या मिनिटातली सर्वात लांब फेरी. काउंट स्थिर पण प्रोसेसची एकूण मेमरी चढतेय असं दिसलं तर गळती लुआच्या बाहेर, तुमच्या सी कोडमध्ये शोधा. काउंटच करवतीच्या दातांसारखा वर-खाली न होता नुसता वर जात असेल, तर इन्क्रिमेंटलवर परत या आणि चोवीस तास पुन्हा पाहा. तरीही वर जात असेल तर स्क्रिप्टच कुठेतरी वस्तू धरून बसली आहे, बहुधा एखाद्या ग्लोबल टेबलात किंवा रजिस्ट्रीत (सी कोडसाठीच्या लुआच्या खास टेबलात) न सोडलेल्या रेफरन्समध्ये.